खात्याचा वाढदिवस

गावोगावच्या गुरुजींनी एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनला उरकून टाकला. एमआयडीसीचे गाव कुरकुंभ तरी त्याला कसे अपवाद असेल? गंमत अशी, की ही खोटी तारीख सगळ्यांना तोंडपाठ आणि बँक खाते उघडल्याची खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही. बहुधा ती पासबुकाच्या पहिल्याच पानावर बारीक अक्षरांत छापलेली असते. पण ते पान आपण उघडतो ते आयएफएससी कोडसाठी.

कोणी म्हणेल, हवीय कशाला ती? एमआयडीसीत ठेकेदार बदलला की पगाराचे खातेही बदलू शकते. ट्रंकेत तीन पासबुके निघाली, तर कोणते कोणत्या नोकरीचे हे तारीखच सांगणार. बँकेला मात्र जन्माशी देणेघेणे नाही. ती शेवटचा श्वास मोजते. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नाही, की खाते निष्क्रिय. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत. पैसे बुडत नाहीत, मागता येतात, हे खरेच. पण मागायला आधी खाते आठवायला हवे! त्यासाठी २०२३मध्ये पोर्टलही आले. निपचित पडलेल्या ठेवी शोधणाऱ्या त्या पोर्टलचे नाव काय, तर ‘उद्गम’!