पडवळाची माजी

आईकडे तिच्या सासूबाईंच्या वेळचं एक पाककृतींचं पुस्तक आहे. पानं पिवळी, कडा वाळवीने चाखलेल्या, आणि टाइप इतका बारीक की भिंग लावूनही मीठ ‘पाव’ चमचा की ‘पाच’ चमचे हे नशिबावर सोडावं लागतं. “तुझा तो कॉम्प्युटर काय कामाचा? एवढं मोठ्या अक्षरांत करून दे,” आई म्हणाली.

भाच्याला फोन लावला. “टेसरॅक्ट टाक, मामा. फोटोतली अक्षरं वाचतं. पण सोर्सवरून कंपाइल कर, त्यातच मजा आहे.” मजा हा शब्द ऐकला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

टेसरॅक्ट १९८५ साली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्माला आलं, पुढे बरीच वर्षं अडगळीत पडलं, २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं आणि मग गूगलने ते वाढवलं. फुकट मिळतं. म्हणजे गहू फुकट; दळण, कणीक आणि पोळ्या ज्याच्या त्याने बघायच्या.

पहिली पायरी ‘कॉन्फिगर’. लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी येऊन जसं परात आहे का, झारा आहे का, सरपण कोरडं आहे का विचारतो, तसं हे विचारत सुटतं. जीसीसी आहे? यस. मेक आहे? यस. मध्येच एक ओळ आली: ‘चेकिंग व्हेदर बिल्ड एन्व्हायर्नमेंट इज सेन... यस.’ म्हणजे इथलं वातावरण शुद्धीवर आहे का, तर आहे. बायको मागे उभी राहून वाचत होती. “यस?” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

(ही तपासणी मुख्यतः वेळेची असते. आत्ता केलेली फाइल जुन्या फाइलपेक्षा नवी दिसते ना, इतकंच. वेळेचं भान असेल तो शहाणा, या हिशेबाने आमच्या घरात कॉम्प्युटर सोडून कोणीच पास होणार नाही.)

मग आचारी अडला. लेप्टोनिका १.७४ किंवा त्याहून नवं पाहिजे म्हणे. हे लेप्टोनिका चित्रं हाताळतं. तेही सोर्सवरून घ्यायचं ठरवलं, तर त्याला पीएनजी, जेपेग आणि टिफच्या लायब्ऱ्या हव्यात. त्या माझ्याकडे होत्या! पण नावापुढे ‘डेव्ह’ लावलेल्या नव्हत्या. डबा होता, आत काय आहे ते सांगणारी चिठ्ठी नव्हती. आणि कंपायलर चिठ्ठी वाचल्याशिवाय डब्याला हात लावत नाही. यात शनिवार गेला.

रविवारी ‘मेक’. भाच्याने सांगितलं होतं, ‘मेक हायफन जे चार’ लिही, म्हणजे चार कामं एकदम चालतील. मी घाईत चार लिहायला विसरलो. नुसतं ‘हायफन जे’ म्हणजे कितीही या, पंगत मोकळी आहे. माझ्या चार जीबीच्या डेस्कटॉपवर सगळा गाव जेवायला उतरला. आधी माउस थांबला, मग घड्याळ थांबलं, पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा ओरडत राहिला. शेवटी बटण दाबून धरलं.

दुसऱ्या खेपेला नीट झालं. वॉर्निंगा आल्या भरपूर, पण वॉर्निंग म्हणजे आईचं ‘सांगून ठेवते हं’. काम अडत नाही. ‘मेक इन्स्टॉल’ही पार पडलं. चालवून बघतो तर लायब्ररी सापडत नाही! आत्ताच तर बसवली होती. इथे ‘एलडीकॉन्फिग’ नावाची आज्ञा द्यावी लागते. बिऱ्हाड आलं, सामान लागलं, पण सोसायटीच्या वहीत नाव चढलेलं नसेल तर वॉचमन ओळखत नाही, तसलाच प्रकार.

मराठीची फाइल वेगळी उतरवावी लागते. तिचं सांकेतिक नाव ‘मार’. “हायफन एल मार,” मी पुटपुटत टाइप केलं. “कोणाला मारतोस रे?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

पहिलं पान उमटलं: ‘पडवळाची माजी. घणे जिरे माजून घ्यावे.’ फोटो मीच संध्याकाळच्या उजेडात काढला होता, तेव्हा भ चा म आणि ध चा घ झाला याचा दोष माझ्याकडे. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “माजी? म्हणजे यंदा तिकीट नाही मिळालं वाटतं पडवळाला.”

आता पान वीस पॉइंटात छापून द्यायचं आणि आईने लाल पेनाने तपासायचं, असं चाललं आहे. तीन पानं झाली. चुकलेल्या अक्षरांची तिने वहीत यादी ठेवली आहे. भाचा म्हणतो, यावरून टेसरॅक्टला या पुस्तकाचा टाइप शिकवता येईल. फक्त शिकवणीची हत्यारं पुन्हा कंपाइल करावी लागतील आणि त्यासाठी पँगो, कैरो आणि आयसीयू लागेल. आयसीयू हे खरोखरच एका लायब्ररीचं नाव आहे.