नानांची वायर

जबलपूरला वायरीचं कौतुक कुणी सांगू नये. दूरसंचाराची प्रशिक्षण संस्था इथे रिज रोडवर आहे, १९४२ सालची. आज ती भारतरत्न भीमराव आंबेडकरांच्या नावानं ओळखली जाते. टेलिकॉम फॅक्टरीही याच शहरात. आणि राइट टाउनमधल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या नानांच्या डेस्कटॉपला मात्र वायरीनं इंटरनेट मिळेना.

वायफाय व्यवस्थित होतं. पण नानांचा हवेवर भरवसा नाही.

स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल फुली. म्हणजे केबल लागलेलीच नाही. पिनची प्लॅस्टिकची खिट्टी मोडली होती, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा पिन बाहेर सरकायची. नानांनी सेलोटेप लावली. मागचा हिरवा दिवा लुकलुकला, फुली गेली. इंटरनेट आलं नाहीच. फाटकातून शेजारी जबलपुरी बोलीत विचारतात, "काय बड्डे, नेट आओ के नईं?" नाना वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरतात.

मग पुण्याच्या भाच्याला फोन. या भाच्यानंच मागच्या दिवाळीत "फास्ट चालेल" म्हणून डेस्कटॉपचा आयपी पत्ता हातानं टाइप करून ठेवला होता: १९२.१६८.१.५०. पुढे राउटर बदलला. नवा राउटर १९२.१६८.० च्या वस्तीतला. घरमालक दुसऱ्या गल्लीत राहायला गेला आणि भाडेकरू जुन्याच दारावर थापा मारत बसला, तशी डेस्कटॉपची गत. सेटिंग 'ऑटोमॅटिक' करताच राउटरनं स्वतःहून नवा पत्ता दिला. राउटरनं पत्ता दिलाच नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेतं; तो दिसला की निदान दोष कुठे शोधायचा ते कळतं. भाच्यानं टाइप केलेले आकडे मात्र दिसायला अगदी खरे असतात.

"बघ, मी सांगितलं होतं ना," भाचा म्हणाला. काय सांगितलं होतं, ते नानांनी विचारलं नाही. भाचा आहे, शिवाय पुण्याचा.

इंटरनेट आलं, पण गिगाबिटच्या जागी वेग फक्त १०० मेगाबिट. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. हजाराला, म्हणजे गिगाबिटला, चारही लागतात. कपाटामागे उंदरानं तपकिरी जोडी खाल्ली होती. बाकीच्यांवर कारभार निमूटपणे चालू होता.

२२ मे १९७३ ला झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी ईथरनेटची, म्हणजे याच वायरीच्या जोडणीची, कल्पना टिपणात मांडली. त्या पहिल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. त्या हिशेबानं नानांचं उंदरानं कुरतडलेलं कनेक्शन चौतीसपट वेगवान, म्हणून नानांनी केबल बदललेली नाही.

तुम्ही मात्र बदला. आणि भाच्यानं दिवाळीत काही टाइप केलं असेल, तर राउटर बदलायच्या आधी एकदा तपासून घ्या.