पाइप पाना महाशयांस खुले पत्र

प्रति,
श्रीमान पाइप पाना महाशय,
मुक्काम पोस्ट आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली.

विषय : आट्यांच्या सांध्यांवरील गळती बंद करण्याच्या कामी गाजवलेल्या पराक्रमाबद्दल अभिनंदन व स्वेच्छानिवृत्तीची विनंती.

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या आष्ट्यात पाणी जिथे जिथे नळीतून ये-जा करते, तिथे तिथे महाशयांचा अधिकार निर्विवाद मानला जातो. नदीवरच्या मोटारीपासून उसाच्या ठिबकला जोडलेल्या सँड फिल्टरपर्यंत आणि गच्चीवरच्या टाकीपासून एखाद्या मळ्यातील बंगल्यामागे बांधलेल्या स्विमिंग पूलपर्यंत, पाइप संपून यंत्र सुरू होते तिथे बहुधा आटे असतात, आणि आटे असतात तिथे आज ना उद्या थेंब दिसतो. थेंब दिसला की महाशयांना पाचारण होते, महाशय जबडा आवळतात, अर्धा वेढा अधिक बसतो, थेंब थांबतो आणि उपस्थित मंडळी चहाकडे वळतात. ही कार्यपद्धती इतकी सर्वमान्य आहे की, पुढे त्याच सांध्याला उभी चीर पडून पाण्याची चिळकांडी उडाली तरी दोष मालाला दिला जातो, महाशयांना नव्हे.

विहिरीत उडी मारून पोहायला शिकलेल्या या मुलखात घरचा पूल ही अजून नवलाईची वस्तू असली, तरी त्याची यंत्रणा शेतकऱ्याला अनोळखी नाही. मोटार तलावातले पाणी ओढते, कचरा अडवणाऱ्या जाळीच्या डब्यातून ते पुढे नेते, वाळू भरलेल्या फिल्टरमधून दाबाने ढकलते आणि स्वच्छ करून परत तलावात सोडते. म्हणजे ठिबकच्या फिल्टरचाच हा भाऊबंद, फक्त येथे पाणी पिकाकडे न जाता माघारी येते. मोटारीपर्यंतचा भाग सक्शनचा, म्हणजे ओढीचा, आणि मोटारीपुढचा डिलिव्हरीचा, म्हणजे दाबाचा. हा भेद महाशयांच्या दृष्टीस कधीच पडलेला नाही, कारण जबड्याला दोन्हीकडचा पाइप सारखाच गोल लागतो.

महाशयांच्या तत्त्वज्ञानाचा पाया असा की, पाणी आटे अडवतात आणि म्हणून आटे जितके घट्ट तितके पाणी बंद. वस्तुस्थिती अशी आहे की, आटे कितीही नेमके कापले तरी नर आट्याचे शिखर आणि मादी आट्याचा तळ यांच्यामध्ये मळसूत्री वाट उरतेच, आणि पाणी त्या वाटेने फिरत फिरत बाहेर येते. ही वाट बुजवण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत. पहिल्या रीतीत आटे निमुळते, म्हणजे टेपर असतात, दर 16 मिलिमीटर लांबीमागे त्यांचा व्यास 1 मिलिमीटरने घटतो, त्यामुळे फिरवत नेले की ते पाचरीसारखे रुततात आणि उरलेली फट टेप किंवा सुताने भरून निघते. दुसऱ्या रीतीत आटे समांतर असतात, ते फक्त दोन भाग जवळ खेचतात, आणि पाणी अडवण्याचे काम रबरी वॉशर किंवा ओ-रिंग करते. भारतीय मानकांनीही या दोन घराण्यांना वेगळे ठेवले असून पहिल्यासाठी आयएस 554 आणि दुसऱ्यासाठी आयएस 2643 हे मानक आहे. मोटारीजवळच्या युनियनची ओ-रिंग चेपलेली असताना तिच्या मोठ्या चाकीवरच्या आट्यांना टेपचे वेढे चढवून वर महाशयांचा प्रयोग करणे, म्हणजे कुलूप मोडले असता बिजागरीला तेल घालणे होय. अशा वेळी चाकी खोलावी, ओ-रिंग आणि तिची खाच पुसून वाळूचा कण राहिला नाही हे पाहावे, रबर चपटे झाले असल्यास बदलावे, सिलिकॉनच्या ग्रीसचे बोट फिरवावे आणि चाकी हाताने आवळावी. या साऱ्या विधीत महाशयांना निमंत्रण नाही.

याहून गुंतागुंतीचे प्रकरण परदेशी यंत्रांचे आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये 55 अंशांच्या कोनाचा आटा सुचवला आणि भारतात पाइपांना चालणारे बीएसपी आटे त्याच वंशातले आहेत. अमेरिकेने मात्र 60 अंशांचा एनपीटी आटा स्वीकारला. दोन इंची मापात इंचाला बीएसपीचे 11 तर एनपीटीचे साडेअकरा आटे बसतात, त्यामुळे अमेरिकी मापाच्या पंपात इथल्या दुकानातली फिटिंग घातली तर ती सुरुवातीला शहाण्यासारखी चढते आणि मग अडते. हाच तो क्षण, जेव्हा महाशयांना हाक मारली जाते आणि ते बळाने पुढचा वेढा घेतात. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हीकडे 14 आटे असल्याने फसवणूक अधिकच सभ्य होते, कारण तिथे फिटिंग अडतसुद्धा नाही, फक्त गळते.

लोखंडी पाइपांच्या काळात सफेदा आणि सूत लावून महाशयांनी जी कीर्ती मिळवली ती खोटी नव्हे, कारण लोखंडी सॉकेट ताण सोसते. पीव्हीसीचे तसे नाही. निमुळता नर आत घुसतो तसतसा प्लॅस्टिकच्या मादी भागावर बाहेर फाकवणारा ताण वाढत जातो, तो ताण दिवसरात्र तसाच राहतो, आणि चीर काही दिवसांनी पडते, तेव्हा महाशय दुसऱ्या गल्लीत असतात. त्यातही लोखंडी नर आणि प्लॅस्टिकची मादी ही सोयरीक सर्वांत वाईट, कारण वैशाखाच्या उन्हात आणि पहाटेच्या गारव्यात प्लॅस्टिक लोखंडाच्या कितीतरी पट अधिक प्रसरण-आकुंचन पावते. म्हणून नर प्लॅस्टिकचा आणि मादी धातूची ठेवावी, अथवा आत पितळी आटे बसवलेली फिटिंग वापरावी, हे बरे. टेफ्लॉन टेपही महाशयांचा छुपा साथीदार आहे. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती 1938 मध्ये अकस्मात लागलेला हा पदार्थ अत्यंत निसरडा असल्याने आटा हलका फिरतो आणि किती जोर पडला याचा अंदाजच हाताला येत नाही. पहिला आटा मोकळा सोडून, आट्यांचे तोंड समोर धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीन-चार ताणलेले वेढे, मग हाताने बसेल तेवढे आणि त्यावर फार तर एक-दोन फेरे, एवढ्यावर प्लॅस्टिकचे काम संपते. कोपरा नीट दिशेला यावा म्हणून नंतर पाव वेढा उलटा फिरवला, तर टेप फाटते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते.

महाशयांना सर्वस्वी निर्दोष ठरवणारे एक कारणही नोंदवले पाहिजे. वीज परत येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच या भागात शेतपंपांना सर्रास बसवलेला असतो. पंपातले पाणी उतरलेले असताना असा पंप कोरडा फिरू लागला की आत उरलेले पाणी तापते, त्या उष्णतेने पंपाच्या तोंडाशी बसलेले पीव्हीसीचे आटे मऊ पडून आकसतात, आणि पुढे गार झाल्यावर ते पूर्वीच्या मापाचे राहत नाहीत. असा आकसलेला आटा जगातील कोणत्याही पान्याने घट्ट होत नाही. तो कापून काढून नवी फिटिंगच घालावी लागते, आणि पाणी का उतरले, याचा शोध ओढीच्या पाइपाच्या तळाशी बसलेल्या फूट व्हॉल्वपासून घ्यावा लागतो.

सेकंदाला एक थेंब, आणि 20 थेंबांचा एक मिलिलिटर, असा हिशेब धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी जाते. अतिपाण्याने नदीकाठच्या जमिनी क्षारपड झालेल्या या तालुक्यात तेवढ्यासाठी कोणी डोळे वर करणार नाही, हेही महाशयांच्या पथ्यावर पडते. जड पाण्याच्या विहिरीवर तर सांध्याभोवती साचलेला पांढरा क्षार बारीक गळती कधी कधी स्वतःच बुजवतो आणि श्रेय पुन्हा महाशयांच्या खात्यात जमा होते.

तरी महाशयांनी लोखंडी पाइपांपुरता अधिकार राखून प्लॅस्टिकच्या मुलखातून सन्मानाने निवृत्त व्हावे, ही विनंती. कळावे, लोभ असावा, जोर नसावा.

महाशयांचे आज्ञाधारक,
आष्टा परिसरातील समस्त नर-मादी आटे

ता. क. : ओढीच्या बाजूचा सांधा पंप चालू असताना थेंब टाकत नाही, हवा ओढतो, जाळीच्या डब्यात बुडबुडे दिसत असतील तर दाढीचा फेस सांध्यांवर लावून पाहावा, जिथे तो आत ओढला जाईल तोच सांधा खोलावा, आणि खोलण्यापूर्वी मोटार बंद करून तिच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व मिटवावेत.