तात्पुरता बंदोबस्त

मनुष्याला स्वतःचे समग्र दर्शन, म्हणजे टोपीपासून वहाणांपर्यंत एकाच दृष्टिक्षेपात सामावणारे दर्शन, घडावे अशी सोय आमच्या अनसिंग गावी पूर्वी नव्हती. घरोघरच्या आरशांची मजल फार तर छातीपर्यंत. त्याखालचा मनुष्य कसा दिसतो हे ज्याने त्याने अनुमानाने जाणावे, किंवा न्हाव्याकडे दोन आरशांच्या मध्ये बसून आपल्या मानेची मागची बाजू पाहावी आणि समाधान मानावे. ही उणीव माझ्या पुतण्याने दूर केली. वाशीम-पुसद रस्त्यालगतच्या आमच्या वडिलोपार्जित कापडदुकानाला त्याने, अकोल्याच्या दुकानदारांशी ईर्ष्या करून, छतापासून पायरीपर्यंत एकसंध काच बसविली. काचेच्या आत शेरवानी घातलेला एक आणि शालू नेसलेली एक अशी दोन निर्विकार बाहुली उभी केली. आणि काचेच्या बाहेर, कसलाही मुशाहिरा न घेता, रोज सायंकाळी मी उभा राहू लागलो.

काका दुकानावर देखरेख करतात, असा लोकांचा समज झाला. तो खोडून काढण्याचे मला काही कारण नव्हते. हातात काठी, खांद्यावर उपरणे आणि मुद्रेवर चिंतनाची किंचित छटा अशा थाटात शृंगऋषींच्या दर्शनाला निघालेला मी त्या काचेपाशी क्षणभर थबकत असे, आतल्या मालाचे बारकाईने निरीक्षण केल्यासारखे करीत असे, आणि निवृत्त मुख्याध्यापकास साजेसे व्यक्तिमत्त्व अद्यापि शाबूत असल्याची खातरजमा करून पुढे जात असे. दिवेलागणीला माझे प्रतिबिंब आणि आतले शेरवानीतले बाहुले बहुधा एकमेकांत मिसळून जाई. अशा वेळी तो रुंद खांद्यांचा राजबिंडा पुरुष म्हणजे आपणच, ही समजूत करून घेण्यास मला फारसे सायास पडत नसत.

चैत्रातल्या एका सायंकाळी वावधान सुटले. वऱ्हाडात ज्याने वावधान पाहिले आहे त्याला त्याचे वर्णन नको, आणि ज्याने पाहिले नाही त्याचा त्यावर विश्वास बसणार नाही. कोणाच्या तरी गोठ्याचा एक पत्रा हवेतून आडवा येऊन आमच्या काचेवर आदळला. (दुसऱ्या दिवशी चौकशी केली असता संपूर्ण गावात एकाही गोठ्याचा पत्रा उडालेला नव्हता.) ही नव्या पद्धतीची कडक केलेली काच, जुन्या काचेप्रमाणे हिचे भाले होत नाहीत, तर सारीच्या सारी एका क्षणात खडीसाखरेएवढ्या तुकड्यांत खाली बसते. पाहता पाहता दुकानाचे तोंड उघडे पडले. शेरवानी वाऱ्याने फुगली. लगीनसराईसाठी भरलेल्या साड्यांच्या घड्याघड्यांत काचेचा चुरा जाऊन बसला. आणि ज्या नवरीला असा शालू नेसवायचा, तिच्या आईला तो झटकून दाखविल्याने काय समाधान होणार?

मी घटनास्थळी पोहोचलो तेव्हा पुतण्या कपाळाला हात लावून ओट्यावर बसला होता. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले होते, वीज गेली होती, आणि रात्रीच्या आत त्या भगदाडाचा काहीतरी तात्पुरता बंदोबस्त करणे प्राप्त होते. जमलेल्या पंधरावीस माणसांना अशा प्रसंगी मार्गदर्शनाची निकड असते, हे चार दशकांच्या अध्यापनानुभवाने मला ठाऊक असल्यामुळे मी पायरीवर चढलो आणि त्यांना धीर देण्यासाठी मुंबईच्या स्फोटाची हकिकत सांगू लागलो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, सोन्याच्या लगडी होत्या आणि कापसाच्या गाठी होत्या. (त्या गाठी वऱ्हाडच्या नव्हेत, कराचीहून चढविलेल्या होत्या, हेही मी स्पष्ट केले, श्रोत्यांत उगाच अभिमान नको आणि अपराधाची भावनाही नको.) दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले, सोन्याच्या लगडी दूरवरच्या घरांवर जाऊन पडल्या, सहासष्ट अग्निशामक जवान कामी आले, म्हणूनच तो दिवस आजही अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि कैक मैलांच्या टापूतल्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. तेव्हा त्या महानगराने हजारो तावदाने झाकली, मग आपल्या एका तावदानाची कथा काय, अशा समारोपाकडे मी वळत होतो, इतक्यात खाली वाकलेल्या सुताराने मान वर केली.

“गुर्जी, तुमी थोडकसे बाजूले व्हा. तुमच्या सावलीत मले खिळा दिसून नाई राह्यला.”

मी बाजूला झालो. सोन्याच्या लगडींचा श्रोतृवृंदावर काही परिणाम झाल्याचे आढळले नाही.

हा सुतार माझाच विद्यार्थी. भूमितीत तो कधी उत्तीर्ण झाल्याचे मला स्मरत नाही. परंतु त्या रात्री त्याने जे केले त्यात भूमितीखेरीज दुसरे काही नव्हते. हाताला बारदान गुंडाळून त्याने आधी चौकटीत अडकलेले काचेचे दाणे वरून खाली उतरविले. खालून वर जाणारा मनुष्य डोक्यावर काच पाडून घेतो, असे तो कोणालाही उद्देशून नव्हे अशा रीतीने म्हणाला, आणि मी माझी काठी, जिने मी खालचे दाणे उकरीत होतो, मागे घेतली. अॅल्युमिनियमच्या चौकटीत त्याने एकही खिळा ठोकला नाही. आतून एक आडवी वळी, बाहेरून एक आडवी वळी, मध्ये प्लायवूड, आणि आरपार बोल्ट आवळून त्याने दोन्ही वळ्यांत भिंत पकडली. जिथे फट राहिली तिथे पाचर मारली. गावात त्या घटकेला मिळालेले प्लायवूड मात्र एकच ताव होते. तेवढ्याने दुकानाची एक बाजू झाकली गेली, आणि उरलेल्या भगदाडातून शालू नेसलेली बाहुली पूर्ववत रस्त्याकडे पाहत राहिली.

आणि मग समोरून फळ्या आल्या.

येथे मला वाचकांची क्षमा मागून थोडे थांबले पाहिजे, कारण ज्यांचा जन्म शटरच्या खडखडाटात झाला त्यांना फळ्यांचे दुकान म्हणजे काय ऐश्वर्य होते याची कल्पना नसणार. खाली उंबऱ्याच्या लाकडात एक खाच, वर माथ्याच्या लाकडात तिच्या दुप्पट खोल खाच. फळी आधी वरच्या खाचेत पुरती चढवायची आणि मग खालच्या खाचेत अलगद उतरवायची, एवढेच ते तंत्र. शेवटच्या फळीला कडी, तिच्यावरून आडवी लोखंडी पट्टी, पट्टीला कुलूप. परंतु चौकट हाताने घडविलेली, लाकूड पुसदकडच्या जंगलातले, आणि दोन्हींना आपापला स्वभाव. त्यामुळे पहिली फळी पहिल्याच जागी बसे आणि सहावी सहाव्याच. लग्नाच्या पंगतीतल्या व्याह्यांप्रमाणे त्यांचा क्रम चुकला की साराच समारंभ अडून बसे. म्हणून प्रत्येक फळीवर तापल्या सळईने आकडा डागलेला असे. पावसाळ्यात फळ्या फुगत आणि त्यांना मुठीने समजवावे लागे. चैत्रात त्या आकसत आणि फटींतून उंदरांची रहदारी सुरू होई. दोन फळ्या काढलेल्या दिसल्या की मालक जेवायला गेला आहे. एकच काढलेली असली तर आत वसुलीची बोलणी चालू आहेत. आणि दिवसा सर्व फळ्या बंद असल्या तर लोक आवाज न करता पुढे जात, कारण त्या घरी काहीतरी झालेले असे. बारा तास उघडा आणि बारा तास बंद एवढ्या दोनच अवस्था ज्याला ठाऊक, त्या शटरला हे बारकावे कुठून जमावेत? शिवाय काढलेली फळी रिकामी बसत नसे. दिवसभर ती ओट्यावर बाक म्हणून पडलेली असे, लग्नात तिच्यावर भाजी चिरली जाई, आणि झाडावरून पडून पाय मोडलेल्या मला लहानपणी ज्या फळीवर निजवून वैद्याकडे नेले, ती किराणादुकानातली तिसरी होती. त्या दिवशी त्या दुकानदाराने आपले दुकान रात्री कसे बंद केले असेल, हा विचार माझ्या मनात इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. तो त्या रात्री, पावसात, काचेच्या चुऱ्यावर उभा असताना आला.

या फळ्या आबाजींच्या. आबाजींचेही कापडाचेच दुकान, आमच्या बरोबर समोर. आमची काच लागल्यापासून त्यांचे गिऱ्हाईक रस्ता ओलांडू लागले, आणि तेव्हापासून त्यांनी पुतण्याशी बोलणे सोडले होते. मला मात्र ते वडीलधाऱ्या शत्रूला द्यावा तितका नमस्कार देत. स्वतःच्या दुकानाला शटर बसविल्यावर त्यांनी जुन्या फळ्या माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. दोन पोरांच्या डोक्यावर त्या पाठवून आबाजी स्वतः छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, पुतण्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि सुताराला म्हणाले, “ते पयली नाई, चवथी हाये. आधी उजवीकून लाव.” आमच्या चौकटीला ना खाच होती ना तो क्रम तिथे लागू होता, तरी चवथी फळी चवथीच लागली.

कंदील धरायला जो गृहस्थ उभा होता त्याची हळद शेतात पडली होती. उकडून वाळत घातलेली हळद भिजली की तिचा रंग जातो, बुरशी धरते, आणि हिंगोलीच्या बाजारात तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मी त्याला विचारले, “हळद झाकली ना रे?” कंदील न हलवता तो म्हणाला, “झाकाले राह्यलंच काय, गुर्जी? ताडपत्रीच उडून गेली. मनलं, रिकामा हावो तं इकडं याव.” २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना हा आवाज परिचित आहे. दुकानाला निदान तोंड असते, ते झाकता येते. वावराला कोणती फळी लावायची? एका फुटक्या काचेसाठी पंधरावीस माणसे धावून आली, आणि त्याच्या हळदीकडे, मी धरून, कोणीही गेले नव्हते. रस्त्यावरचे नुकसान दिसते, वावरातले दिसत नाही, याचा मला त्या क्षणी जो संताप आला तो कोणावर काढावा हे न कळल्यामुळे मी विमा कंपनीवर काढला.

ती कंपनीही त्यास पात्र होती. दूरध्वनीवरून आम्हांस असा हुकूम मिळाला होता की, पाहणी होईपर्यंत नुकसान आहे त्या स्थितीत ठेवावे आणि अधिक नुकसान होऊ नये म्हणून तत्काळ योग्य ती तजवीज करावी. भगदाड उघडे ठेवून बंद कसे करावे याचा खुलासा मी मागितला, तेव्हा आवाज तुटला. पुढे यथावकाश कळले की दुकानाचा विमा निराळा आणि काचेचा निराळा उतरवावा लागतो. पुतण्याने दुकानाचा उतरविला होता.

आबाजींच्या फळ्या लावूनही कोपऱ्यात हातभर रुंदीची उभी फट उरली. ताडपत्र्या सगळ्या गावाच्या कामी लागलेल्या. तेव्हा पुतण्याला माझ्या सेवापूर्तीच्या समारंभाचा फ्लेक्स आठवला. माझे भव्य छायाचित्र आणि खाली मजकूर असलेला तो फलक मी माळ्यावर, आबाजींनी फळ्या ठेवाव्यात त्याच जपणुकीने, ठेवला होता. “पाठीची बाजू बाहेर लावा,” असे मी विनयाने सुचविले; विनयाने सुचविलेले ऐकायचे नसते असा माझा अनुभव होता, आणि सुताराने तो खरा करून दाखविला. “छापेल बाजूवरून पानी निथळते, गुर्जी,” तो म्हणाला, आणि माझा चेहरा रस्त्याकडे करून त्याने चवथ्या फळीखाली फलकाची कड दाबली. जाता जाता, हत्यारे पिशवीत भरीत, त्याने विचारले, “पन आता सोताले पाहाले तुमाले रोज वाशीमले जा लागन, नाई का?” म्हणजे गावाला सर्व माहीत होते.

वाशीमला जाण्याची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी, टोपीपासून गळ्यातल्या हारापर्यंत, दुकानाच्या दर्शनी भागी चोवीस तास उपस्थित होतो. मूळ मजकूर ‘सेवापूर्तीनिमित्त भावपूर्ण निरोप’ असा होता. त्यातला ‘भावपूर्ण’ तेवढा दिसत होता, बाकी सारे फळीखाली गेले होते. पुसदच्या बसने जाणाऱ्यायेणाऱ्यांनी हार घातलेला वृद्ध आणि त्याखालचे ते विशेषण वाचून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. तिसऱ्या दिवशी एक जुना विद्यार्थी बसमधून उतरून थेट घरी आला. दार मी उघडले. तो बराच वेळ काही बोलेना; मग म्हणाला, “बरं वाटलं, सर,” आणि चहा घेऊन गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, ते आनंदाचे की परतीच्या बसभाड्याचे, हे ठरविण्याइतका मी तटस्थ नव्हतो.

मी तडक दुकानावर गेलो आणि फळी बोटभर सरकवून ‘निरोप’ तरी उघडा करा असे म्हणालो. ‘निरोप’ने प्रकरण अधिकच बिघडेल, हे पुतण्याने निदर्शनास आणले. मग ‘सेवापूर्तीनिमित्त’ उघडे करा, म्हणालो. तेवढ्यात समोरून आबाजी रस्ता ओलांडून आले, काच लागल्यापासून पहिल्यांदाच आमच्या ओट्यावर बसले, आणि पुतण्याकडे वळून त्यालाच म्हणाले, “चवथीले हात लावू नको बाप्पा. चवथी हालली तं पाचवी बसत नाई.”

नव्या काचेची वर्दी अकोल्याला गेली आहे. तूर्त माझा बंदोबस्त आहे तसाच आहे.