मुलगा काय करतो?

टस्कालूसा, अलाबामा

तीर्थरूप अण्णा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

चिऊने पसंती कळवल्यापासून तुमचा एकच प्रश्न येतो आहे. आधी फोनवर आला, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि आता वन्संच्या मार्फतही आला : मुलगा काय करतो? ह्यांनी दर वेळी "स्पोर्ट्समध्ये आहे" एवढं सांगून फोन माझ्या हातात दिला. चाकणहून इथल्या मर्सिडीजच्या कारखान्यात आलेला हा माणूस गाडीच्या दाराच्या बिजागरीवर तासभर बोलू शकतो, पण होणाऱ्या जावयाच्या पोटापाण्यावर दोन वाक्यं त्यांना सुचत नाहीत. म्हणून मीच सविस्तर लिहिते. आईंना वाचून दाखवाल तेव्हा पगाराचा भाग जरा सावकाश वाचा.

मुलगा एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडे ग्रॅज्युएट असिस्टंट आहे. हुद्दा लांबलचक आहे, पगार आखूड. एम.ए.ची फी माफ आणि वर खायच्याप्यायच्यापुरता भत्ता. त्याबदल्यात पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ चाळायचे आणि कोणत्या डावाला कोण कुठे उभा होता ते टिपायचं. त्यांच्या चाली कार्डांवर काढून सरावाच्या वेळी ती कार्डं उंच धरून उभं राहायचं. संघात घ्यायच्या शाळकरी पोरांच्या आईबापांना विमानतळावरून आणायचं, आणि मोठ्या कोचांपैकी कोणाला कोणतं सँडविच चालतं तेही लक्षात ठेवायचं. मध्यरात्रीआधी घरी आला तर चिऊ विचारते, "काय रे, काढून टाकलं की काय?" हा प्रश्न इथे कोणी थट्टेवारी नेत नाही, ते पुढे येईलच.

इतकं राबून त्याला व्हायचंय काय, तर हेड कोच. वरच्या श्रेणीत एकशेतीसच्या वर विद्यापीठं आहेत, म्हणजे खुर्च्याही तेवढ्याच. तिथवर जायला आधी एका जागेच्या खेळाडूंचा कोच व्हायचं, मग आक्रमणाचा किंवा बचावाचा कोऑर्डिनेटर, आणि मग कोणाचं तरी लक्ष गेलं तर हेड कोच. तुमच्याकडेही क्लार्क, ऑफिसर, मॅनेजर असंच होतं. पण तुम्ही वर चढलात ते एकाच बँकेत. इथे दर पायरीला बँक बदलावी लागते, आणि बहुतेक वेळा राज्यही.

बँकेने कराड, उदगीर, देवगड असा महाराष्ट्र दाखवला, हे आई अजून बोलून दाखवतात. आता निक सेबन या गृहस्थांचं सर्व्हिस बुक बघा. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या मुलखातला मुलगा, बापाच्या पेट्रोलपंपावर गाड्या धुवायचा. केंट स्टेट विद्यापीठात खेळला, पदवी घेतली. कोच व्हायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. पण लग्न झालेलं होतं आणि बायकोचं, टेरीबाईंचं, शिक्षण वर्षभर बाकी होतं. तोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून 1973 मध्ये डॉन जेम्स या कोचांनी देऊ केलेली ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा त्याने घेतली. (आई, ही ओळ दोनदा वाचून घ्या. आपल्या मुलाची जागा तीच आहे.)

तिथून सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, आणि मग ह्यूस्टनचा व्यावसायिक संघ. 1990 मध्ये टोलीडो विद्यापीठात पहिल्यांदा हेड कोच झाला तेव्हा अडतिशी गाठली होती. बरं, खुर्ची मिळाली तर बसावं की नाही? एकच हंगाम केला, नऊ सामने जिंकले, दोन हरले आणि क्लीव्हलंडला बिल बेलिचिक यांच्या हाताखाली पुन्हा असिस्टंट म्हणून निघून गेला. नंतर मिशिगन स्टेटला परत, या वेळी हेड कोच. मग लुइझियाना स्टेट, तिथे 2003 च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद. मग मायामीचा व्यावसायिक संघ. डिसेंबर 2006 मध्ये त्याने पत्रकारांना ठणकावून सांगितलं की मी अलाबामाचा कोच होणार नाही. पुढच्या दोन आठवड्यांत तो अलाबामाचा कोच झाला. आठ वर्षांचा करार, तीन कोटी वीस लाख डॉलर.

या मुलाच्या धंद्यात दिलेल्या शब्दाला इतपतच किंमत असते, हे मी लपवत नाही. चिऊला दिलेल्या शब्दाचं तसं होणार नाही, असं तो म्हणतो.

अलाबामात सेबनसाहेब 2024 च्या जानेवारीपर्यंत राहिले आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदं आणली. तुम्हाला निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. यांचा पुतळा नोकरीत असतानाच, 2011 मध्ये, स्टेडियमबाहेर बसला. सामन्याला जायचं ते स्वतःच्या पुतळ्यावरून! शेवटी शेवटी पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर होता. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत सरकारी तिजोरीतून सगळ्यात जास्त पगार गव्हर्नरला मिळत नाही, विद्यापीठाच्या कोचला मिळतो. कुलगुरूंचा नंबर बराच खाली, आणि प्राध्यापकांचं तर विचारूच नका.

आता आईंचा दुसरा प्रश्न : नोकरी पक्की आहे का? अजिबात नाही. पण या धंद्यात खरा पैसा नोकरी जाण्यात आहे. जिंबो फिशर यांना टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये घरी बसवलं. कराराची वर्षं शिल्लक होती, म्हणून निघताना साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं ठरलं. आपल्या रुपयांत सहाशे कोटींहून जास्त, आणि तेही फुटबॉल न शिकवण्याचे. ह्यांनी आकडा ऐकला आणि चहा थंड होईपर्यंत गप्प बसले.

टेनेसीने काढलेले बुच जोन्स तर त्याहून हिशेबी. जुन्या मालकाकडून ऐंशी लाख डॉलरच्या वर येणं होतं. पण अट अशी की नवीन नोकरीत जेवढं मिळवाल, तेवढं त्यातून वजा. मग त्यांनी अलाबामात सेबन यांच्याकडे वर्षाला 35,000 डॉलरवर ॲनालिस्टची जागा धरली. अण्णा, हे गणित तुम्हाला एका नजरेत कळेल, आम्हाला दोन दिवस लागले.

सगळ्यांचंच असं साजूक होत नाही. लेन किफिन यांना 2013 मध्ये एरिझोनात सामना हरून परतल्यावर पहाटे विमानतळावरच नोकरी गेल्याचं सांगण्यात आलं. तेच पुढे अलाबामात कोऑर्डिनेटर, मग फ्लोरिडात हेड कोच, मग ओल मिस विद्यापीठात. नोव्हेंबर 2025 मध्ये ओल मिस अकरा सामने जिंकून एकच हरलं होतं आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा प्लेऑफ समोर होता. तेव्हा साहेब संघ सोडून लुइझियाना स्टेटला गेले. दोन्ही विद्यापीठं एकाच लीगमधली, म्हणजे ज्यांना सोडलं त्यांच्याशीच पुढे गाठ. निघताना विमानतळावर लोक आले होते, पण ओवाळायला नाही.

मुलाचा देव मात्र यांच्यापैकी कोणी नाही. त्याच्या खोलीत चित्र आहे कर्ट सिग्नेटी यांचं. सेबन यांच्या हाताखाली अलाबामात चांगली नोकरी होती. 2011 मध्ये, पन्नाशीला, ती सोडली आणि पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान विद्यापीठात कमी पगारावर हेड कोच झाले, कारण आता नाही तर कधीच नाही. मग ईलॉन, मग जेम्स मॅडिसन, आणि 2024 च्या हंगामापासून इंडियाना. या इंडियानाचा फुटबॉल तोवर हरण्यासाठीच प्रसिद्ध होता. 2026 च्या पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या अलाबामाला 38-3 असं धुतलं आणि त्याच महिन्यात राष्ट्रीय विजेतेपद नेलं. 38-3 झालं त्या संध्याकाळी शेजारच्या घरी मी पुरणपोळ्या घेऊन गेले. दार उघडलं, पण पोळीकडे कोणी बघितलं नाही. सेबन यांच्या जागी आलेल्या डीबोर यांच्याबद्दल त्या घरात जे बोललं गेलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हे डीबोर दक्षिण डकोटातल्या सू फॉल्सच्या छोट्या कॉलेजात 67 सामने जिंकून तीनच हरलेले! पण इथे मोजतात ते फक्त हरलेले.

थोडक्यात, आपली चिऊ पुढची वीस वर्षं खोकी बांधणार आणि सोडणार. टेरीबाईंनी तेच केलं. टस्कालूसात त्यांना मिस टेरी म्हणून लहान पोरंसुद्धा ओळखतात, आणि मला विचाराल तर निम्मा पुतळा त्यांचा हवा होता. चिऊला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजीने देवगडला विहिरीचं पाणी काढलं, मला फक्त इंटरनेटचं कनेक्शन बदलायचं आहे." आईंना हे पटेल का, ते तुम्ही बघा.

माझं मत विचाराल तर मुलगा कष्टाळू आहे, दारू बेताची, आणि थोरामोठ्यांना "सर" आणि "मॅम" म्हटल्याशिवाय बोलत नाही. दक्षिणेकडच्या पोरांना ते घरातच शिकवतात. माझा होकार आहे. ह्यांचाही आहे, फक्त साडेसात कोटींचा विषय त्यांच्यासमोर काढू नका.

एक काम तेवढं तातडीने करा. ऑगस्ट ते जानेवारी सामने, त्यातच डिसेंबरात नवीन मुलांच्या सह्या, मार्च-एप्रिलमध्ये सराव, मे महिन्यात शाळाशाळांतून हिंडणं. कोच लोक खरे मोकळे होतात ते जुलैत, आणि तेव्हा आपला चातुर्मास लागतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा काढाल तर अलाबामा आणि कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्न यांचा सामना आडवा येतो आणि मांडवात नवरदेवच काय, इथला एकही पाहुणा मिळणार नाही. तेव्हा गुरुजींना आजच गाठा आणि आषाढी एकादशीच्या आधीचा, जूनमधला मुहूर्त बघा. अधिक महिना आडवा येत नाही ना, तेही विचारा. हॉलवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी मला फोन करा, म्हणजे तोवर मुलगा कोणत्या राज्यात आहे ते सांगता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली सून