नसलेल्या गोष्टींचं गाव

डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येचा ठाम समज आहे, की आईबाबांना शांतता हवी असते. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला अचानक शांतता मिळाली तर तो आधी फ्यूज तपासतो, हे तिला कोण सांगणार? तिनं शनिवार-रविवारसाठी ऑफली परगण्यातल्या बर नावाच्या गावी हॉटेल बुक केलं आणि आम्हाला बसमध्ये बसवून दिलं. “बाबा, तिथे काही म्हणजे काही नाहीये,” ती कौतुकानं म्हणाली. “नुसतं पडून राहा.”

तिथे काही नाहीये हे किती खरं आहे, ते चौकातच कळलं. चौकात एक उंच दगडी खांब आहे आणि खांबावर कोणी नाही. 1746 साली कलोडनच्या लढाईत स्कॉटिश बंडखोरांना चिरडणाऱ्या कंबरलंडच्या ड्यूकसाठी हा खांब 1747 मध्ये उभारला. वरचा पुतळा 1915 साली उतरवला. खांब राहिला. चौकाला नाव मात्र इंग्रजांनी फाशी दिलेल्या रॉबर्ट एमेटचं. आपल्याकडे असा रिकामा खांब सापडला असता तर संध्याकाळपर्यंत तीन समित्या आणि एक उपोषण उभं राहिलं असतं. इथे शंभर वर्षांहून अधिक काळ एक कबूतर बसतंय आणि कुणाची तक्रार नाही.

हॉटेलात लिफ्ट नव्हती. पण काउंटरवरच्या बाईंनी ती का नाही, कधी बसणार होती आणि कोणामुळे बसली नाही, हे इतकं रंगवून सांगितलं की तेवढ्यात दोनदा वर जाऊन आलो असतो. मग आमचा पासपोर्ट बघून त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे लिओच्या गावचे!” 2017 साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. मी पुण्याचा, माझा त्यांच्याशी काही संबंध नाही, हे मी सांगत होतो, पण हिचं माहेर कुडाळचं. हिनं काउंटरवरच्या पेनस्टँडला मालवण आणि घंटीला कुडाळ केलं आणि अंतर दाखवलं. एवढं नातं पुरलं. रात्रीपर्यंत अख्ख्या हॉटेलात आम्ही लिओचे पाहुणे झालो होतो.

खोली छान होती. जाडजूड गालिचा, बेसिनला दोन स्वतंत्र नळ: एकातून उकळतं पाणी, दुसऱ्यातून बर्फाचं. कोमट पाणी हवं असेल तर दोन्ही हात वेगवेगळ्या नळांखाली धरायचे आणि सरासरी काढायची. खिडकीतून चर्च, ओली कौलं आणि आभाळाच्या जागी एक करडं फडकं दिसत होतं. खोलीच्या बरोबर खाली हॉल होता आणि हॉलमध्ये लग्न होतं.

लहान गावातलं आयरिश हॉटेल म्हणजे खरं तर गावाचं कार्यालय. लग्न तिथे, मयतीनंतरचं जेवण तिथे, रविवारी चर्च सुटल्यावरची पंगत तिथे. पाहुण्यांना खोल्या देणं हा जोडधंदा. रात्री अकराला आमचा पलंग गाण्याच्या ठेक्यावर भिंतीपासून सरकू लागला, तेव्हा मी तक्रार करायला खाली गेलो. मागोमाग ही. खाली सुटाबुटातले काका आणि टोप्यांतल्या मावश्या जमिनीवर एकामागे एक फतकल मारून बसल्या होत्या आणि सगळे मिळून एक अदृश्य नाव वल्हवत होते. इथल्या लग्नात हे करावंच लागतं म्हणे. “लिओचे पाहुणे!” असा पुकारा झाला, आणि गुडघेदुखीमुळे घरी पाटावर न बसणारी माझी बायको नवरदेवाच्या आत्याच्या मागे नावेत बसलेली मी पाहिली. तक्रार कोणाकडे करायची ते मग सुचेना.

मी बारकडे वळलो. तिथे एक आजोबा गिनेस बिअरचा ग्लास भरण्याची वाट बघत होते. ती दोन टप्प्यांत ओततात. मधे फेस बसेपर्यंत थांबायचं, आणि तो वेळ बोलण्यासाठीच राखीव असतो. मी सहज विचारलं, गावाला रेल्वे नाही का?

“चोरीला गेली,” आजोबा म्हणाले.

थट्टा नव्हे, इतिहास आहे. तेव्हा या गावाला पार्सन्सटाउन म्हणत. तिथून पोर्टुम्नाकडे जाणारी बारा मैलांची रेल्वे 1868 साली सुरू झाली. दहा वर्षं तोट्यात चालली आणि 1878 मध्ये बंद पडली. मग लोकांनी ती नेली. रूळ, स्लीपर, शेवटी स्टेशनची इमारतसुद्धा. आपल्याकडे रुळांच्या पट्ट्या चोरीला जातात, पण आख्खा मार्ग नेणं म्हणजे नियोजन लागतं.

सकाळी न्याहारीला सॉसेज, बेकनचे काप, अंडं, टोमॅटो आणि ब्लॅक पुडिंग आलं. पुडिंग म्हणून हिनं आशेनं काटा उचलला होता. ते डुकराच्या रक्ताचं असतं हे कळल्यावर तिनं सोडा ब्रेड आणि लोण्यावर वेळ मारून नेली. मग पावसातच आम्ही गावातल्या किल्ल्याच्या बागेत गेलो.

आभाळ वर्षातले बरेच दिवस झाकलेलं असणाऱ्या या गावात रॉसचे तिसरे अर्ल विल्यम पार्सन्स यांनी 1845 साली जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभारली. तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा सहा फूट व्यासाचा, सुमारे तीन टनांचा आरसा त्यांनी याच आवारात, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, भट्ट्या पेटवून ओतला. नळकांडं एवढं अवजड, की ते दोन प्रचंड भिंतींच्या मधे टांगावं लागलं. त्यामुळे ते वरखाली हलायचं, बाजूला जेमतेम. म्हणजे तारा आपणहून समोर यायला हवा आणि नेमका त्याच वेळी ढग हटायला हवा. तरीही त्या माणसानं पहिल्याच वर्षी एका तेजोमेघाचे भोवऱ्यासारखे वळलेले फाटे पाहिले, कागदावर काढले. आज ती दीर्घिका आहे हे आपण जाणतो. 1917 पर्यंत याहून मोठी दुर्बीण जगात झाली नाही. त्याच 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ सुरू झाला, तेव्हा अर्ल आरसा बाजूला ठेवून लोकांच्या मदतीला लागले.

मूळ आरसा कुठे आहे, असं मी विचारलं. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये, असं उत्तर आलं. मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

बागेत पलीकडे 2017 साली उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. रेडिओलहरी ढगांतून आरपार येतात, तिला पावसाशी देणंघेणं नाही. आमच्या नारायणगावजवळ खोडदला अशा तीस प्रचंड तबकड्या आहेत, असं मी तिथल्या तरुणाला अभिमानानं सांगितलं. त्याला खोडद माहीत होतं. मला वराड माहीत आहे का, असं त्यानं विचारलं.

दुपारी हॉटेलात चर्चची पंगत बसली होती. शाकाहारी काय आहे, असं हिनं विचारलं. वाढणाऱ्या मुलीनं उत्साहानं सांगितलं: भाजलेला बटाटा, उकडलेला बटाटा, कुस्करलेला बटाटा. आणि सोबत भाजी म्हणून? चिप्स.

बसथांब्यावर कालचे आजोबा भेटले. वेळापत्रकातली वेळ टळून गेली होती. रेल्वे असती तर एव्हाना पोहोचलो असतो, असं मी म्हणालो. आजोबा गंभीर झाले, इकडेतिकडे पाहून जवळ सरकले. “सगळे आम्हालाच बोल लावतात,” ते म्हणाले, “पण स्टेशन पोर्टुम्नाच्या लोकांनी नेलं.”

“आणि रूळ?” हिनं विचारलं.

आजोबांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. “ती बघा, आलीच तुमची बस.”

रस्ता पार क्षितिजापर्यंत रिकामा होता.