भाऊजींनी रंधा ठेवलाय!

ऐकलंत का? खामगावच्या आमच्या भाऊजींनी या वयात रंधा ठेवलाय. एक नव्हे, चार! आधी ताईला भलताच संशय आला. माणूस रात्री अकरापर्यंत गच्चीवर, अंगाला जवसाच्या तेलाचा वास, आणि रविवारी उजाडलं की पहिली फेरी भंगारवाल्याकडे. शेवटी मुद्देमाल दिवाणाखाली सापडला: जुन्या धोतरात गुंडाळलेला, कीड लागलेला, पात्यावर गंजाचा थर असलेला लाकडी ठोकळा. भाऊजी म्हणाले, "सत्तर वर्षांचा आहे." ताई म्हणाली, "माझ्या सासूबाईही आहेत. त्यांच्या गुडघ्यांना कधी तेल लावलंत?"

आणि दिले किती, तर आठशे! तेव्हापासून भंगारवाला मोडक्या खुरप्यालाही 'अँटिक' म्हणतो. भेंडवळच्या घटमांडणीतसुद्धा हे भाकीत निघालं नव्हतं हो.

वाकस, पटाशी, गिरमिट कुणाच्या माळ्यावर नव्हतं? तिफणी, वखर, बैलगाड्या यांच्याच जिवावर घडल्या. ट्रॅक्टर आला, प्लायवूड आलं, आणि आपणच पोती भरून ते किलोच्या भावानं घालवलं. २०२३ पासून केंद्राची विश्वकर्मा योजना सुताराला नव्या अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत देते. आमचे भाऊजी जुन्यावर फिदा. अमेरिकेतले रॉय अंडरहिल १९७९ पासून टीव्हीवर हातानं सुतारकाम दाखवायचे, ते भाऊजी आता मोबाइलवर पाहतात. ताईच्या मते सगळी फूस त्यांचीच.

खरी नाचक्की पुढेच. ताईनं नूडल्ससाठी आणलेल्या व्हिनेगरमध्ये पातं रात्रभर बुडवलं, गंज सुटला. काचेवर पॉलिशपेपर पसरून रंध्याचा तळ घासला, घासला, घासला. वर तेलाचे तीन हात. असा चकाकला! पण चालवला, तर लाकडाचे लचके तोडायला लागला. मग भाऊजी स्क्रूड्रायव्हर घेऊन पाचर उचकटायला बसले, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना राहवेना.

"भाऊ, थांबा जी! पाचर अशी काढतेत काय?"

रंध्याच्या मागच्या अंगाला मोगरीचा एक टोला. पाचर ढिली.

"आन तळ घासून घासून तोंड फाकवलं तुमी याचं. असा रंधा लाकूड सोलत नाई, उपटते."

मिस्त्रींनी तोंडाशी शिसवाचा तुकडा बसवला, पातं दगडावर लावलं, आणि फळीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. मजुरी म्हणून त्यांनी चारांतला एक रंधा मागितला, रोजच्या कामाला. भाऊजींचा चेहरा पडला. ताई म्हणाली, "दोन न्या."

तुमच्या माळ्यावर असलं काही निघालं तर हात जोडून विनंती: खामगावात कळवू नका.